रँडी तेव्हा खरं बोलला होता

यंग्सटाउन,
९ मार्च २०११

प्रिय मार्लीन,

मी बरा आहे. तुरुंगातलं जेवण अळणी असतं, पण वेळेवर मिळतं. मोजे पोचले. माझ्या नातवाचा, टोबीचा ताप उतरला का?

वकील म्हणतो, गुरुवारी तू साक्ष देणार आहेस. तुझ्या नवऱ्याला, डगला काही झालं तर विमा घराचं कर्ज फेडेल असं कर्जाचे कागद करणाऱ्या रँडीने सांगितलं, तुम्हाला फसवलं, म्हणून बापाचं डोकं फिरलं, अशी. त्या साक्षीने माझी शिक्षा कमी होईल म्हणे.

आधी मी काय केलं ते माझ्याकडून ऐक. हप्ते थकले म्हणून घर रिकामं करायला आलेल्या शेरीफच्या माणसांनी टोबीचा पलंग बर्फात टाकला, त्याच दुपारी मी रँडीच्या ऑफिसात गेलो. पाईप पान्हा हातात होता. माझ्या सख्ख्या बहिणीचा पोरगा तो, उठून उभा राहिला, "बसा मामा" म्हणाला. मी तोंडावरच घाव घातला. जबडा मोडलेला ऐकू आला. टेबलाखाली शिरला, तर पाय धरून ओढला आणि गुडघा फोडला. रक्ताच्या गुळण्या टाकत तो काहीतरी सांगू बघत होता. ते बाहेर पडू नये म्हणून मी पुन्हा तोंडावरच मारलं.

तो काय सांगणार होता, ते मला माहीत होतं.

घराच्या कर्जाचे कागद करायच्या दिवशी तुम्ही दोघं वर बाळाची खोली बघत होता. रँडी मला म्हणाला, "मामा, हा विमा बँकेसाठी आहे. हप्ते थकले तर बँकेचं नुकसान भरून निघतं, यांचं नाही. डगच्या जिवाचा वेगळा उतरवा."

मी म्हणालो, "तिशीतल्या पोराच्या मरणाच्या गोष्टी माझ्यासमोर करू नकोस."

तुम्ही खाली आल्यावर "विम्याचं सगळं झालंय, सही करा" असं मीच सांगितलं. रँडी बोलायला लागला, तर त्याला दटावून गप्प केलं. दोन वर्षांनी कारखान्यात क्रेनची साखळी तुटली आणि डग चिरडला.

गुरुवारी रँडीविरुद्ध एक शब्द बोलू नकोस. मी गुन्हा कबूल करतोय. त्याला अजून नळीनेच भरवतात. जमलं तर एकदा बघून ये.

अजून म्हणवत असेल तर, तुझा बाप,
एमिल