टाच तेवढी तुझी

प्रिय धाकटे,

पत्राबरोबर एक पुडकं आहे. ते आधी सोडायचं नाही, आधी हे वाचायचं. तुझ्या मुलाला कात्री घेऊन धावायची सवय आहे, धावला तर डाव्या हाताने एक चापट दे. डावा चालतो ना तुझा, मग चालव. फोन करायचं मी सोडलं. तुझी सून तुझ्या कानाला फोन लावते, मी इकडून बडबडते आणि तिकडून नुसता श्वास. मग ती फोन घेऊन म्हणते, आईंना फार बरं वाटलं हो तुमचा आवाज ऐकून. तिला काय माहीत? मला तर भिंतीशी बोलल्यासारखं होतं. त्या अर्धांगाच्या झटक्याने तुझी वाचा नेली, उजवा हात नेला, उजवा पाय नेला, पण डोळे आणि डोकं शाबूत आहे असं तुझा मुलगा सांगतो. पेपर वाचतेस म्हणे. मग हेही वाच. माझं अक्षर तुला लागतं, दुसऱ्या कुणाला लागत नाही. माझी शाळा चौथीत सुटली, त्यानंतर धुलाईखान्यात चादरींवर नंबर टाकले तेवढंच लिहिणं. हात वळत नाही, म्हणून शब्दही वळणाचे नाहीत. समजून घे.

इकडचं सांगते. माझ्या मुलाचं घर पाचव्या मजल्यावर. खिडकी मोठी आहे पण उघडत नाही, नुसती काच. खाली माणसं जातात, त्यांची तोंडं हलतात, आवाज येत नाही. मला ते आवडलं. लिफ्टमध्ये आरसा आहे, त्यात रोज एक म्हातारी भेटते, तिला मी ओळख देत नाही. सूनबाई चांगली आहे, फक्त विचारते फार. काय वाटतंय, बरं वाटतंय का, बोलावंसं वाटतंय का. मी म्हटलं, वाटाणे सोलायचे असतील तर दे. शेवटी तिने एक शिकलेली बाई आणली, खास माझ्याशी बोलायला. ती खुर्ची माझ्याकडे वळवून बसली आणि म्हणाली, आजी, मनात येईल ते सांगा. माझ्या मनात आलं की हिच्या स्वेटरच्या बाहीचा टाका सुटलाय, वेळेत धरला नाही तर कोपरापर्यंत उसवत जाईल. ते सांगितलं. परत आली नाही.

रडत नाही म्हणून सगळ्यांना माझी काळजी. रडायला काय, येत असेल तर येईल. मला भूक लागते, झोप लागते, पाणी तापलं की हात मागे घेते. एवढंच. बाकी कुठे काही लागत नाही. आमच्या धुलाईखान्यात त्या मोठ्या यंत्राशेजारी दिवसभर उभं राहिलं की कान कसे व्हायचे, बाहेर आल्यावर रस्ता चालू असायचा पण लांब कुठेतरी चालू असल्यासारखा, तसं झालंय. फरक एवढाच की तेव्हा घरी पोचेपर्यंत कान उघडायचे.

घरी पोचेपर्यंत म्हणजे तुझ्या खोलीपर्यंत. मागची खोली, दोन खुर्च्या, मधे लोकरीची टोपली. मी पाळीवरून यायची, चप्पल काढायची आणि सुया हातात. तू माझ्या दिराच्या, त्या तुझ्या शिंप्याच्या, शर्टांना बटणं लावून मोकळी झालेली असायचीस. खालच्या दुकानात त्याचं मशीन खडखडत असायचं आणि वर आपण मोजे. मला दुसरं काही विणावंसं वाटलंच नाही कधी. स्वेटर म्हणजे मोठं काम, त्याला माप घ्या, गळा करा, मग लोकांची नाकं मुरडणार, रंग आवडला नाही, बाही आखूड झाली. मोज्याचं तसं नाही. मोजा बुटात जातो, कुणी बघत नाही, कुणी कौतुक करत नाही, पायाला ऊब मिळते आणि विषय संपतो. आणि त्याला डावं उजवं नसतं. कुठलाही कुठल्याही पायात घाला. अशी साधी गोष्ट जगात दुसरी दाखव.

फक्त टाच. मोज्यात सगळा शहाणपणा काय तो टाचेत आहे, आणि ती मला आली नाही. वरून नळी विणत यायचं, गोल गोल, ते मी डोळे मिटून करते. पण टाचेला अर्धे टाके बाजूला ठेवायचे, उरलेल्यांवर मागे-पुढे करायचं, आणि मग ओळ संपायच्या आतच, मधूनच, परत फिरायचं. मला ते जमायचं नाही. ओळ घेतली की ती टोकाला नेऊनच थांबायचं, हा माझा हात. तू मात्र भर मधे थांबायचीस, सुई फिरवायचीस, मागे यायचीस, आणि बघता बघता कापडाला खोलगट वाटी यायची. कशी यायची देव जाणे. म्हणून वाटणी ठरली. नळी माझी, टाच तुझी, पुढचा पाय परत माझा. माझा मोजा टाचेपाशी आला की मी तो तुझ्या मांडीवर टाकायचा आणि तुझ्या मांडीवरचा झालेला उचलायचा. तुझा शिंपी म्हणायचा, एका मोज्याला दोन बायका लागतात, बरं झालं यांना पॅन्ट शिवायला दिली नाही, नाहीतर गिऱ्हाईक एका पायावर उभं राहिलं असतं.

शिकवते म्हणून तू किती वेळा मागे लागलीस. मी म्हणायची, मला वेळ नाही. तू म्हणायचीस, बाई, दोन दुपारी पुरतील. मी म्हणायची, तू आहेस ना, मग मला कशाला? आणि विषय बदलायची. तूही काही खुळी नव्हतीस. पुढे तू विचारायचं सोडून दिलंस आणि मी यायच्या आधीच माझी खुर्ची खिडकीकडे ओढून ठेवायला लागलीस.

ह्यांचे पाय आठवतात का तुला? एवढा आडदांड माणूस, बस डेपोत दिवसभर गाड्यांच्या पोटाखाली खड्ड्यात उभा राहणारा, आणि पाय तुझ्याएवढे. तू ह्यांचे मोजे घालायचीस, हे तुझे घालायचे, आणि सकाळी भांडण. तू मोठ्यांच्या पुढे तोंड उघडायची नाहीस, पण मोज्यासाठी मात्र भाऊजी, ते माझे आहेत, काढा, असं दारात उभं राहून म्हणायचीस. हे निमूट काढायचे आणि अनवाणी पाय बुटात. खड्ड्यात तेल, पाणी, गारठा. पण तुझ्या टाचेचं एक होतं. तू दोन पदरी लोकर घ्यायचीस तिथे. माझी नळी विरायची, बोटं फाटायची, टाच जशीच्या तशी. हे गेल्यावर मी ह्यांचा खण आवरला. त्यात मोजे असे निघाले की वर जाळी झालेली, पुढे भोकं, आणि मधे टाच ठणठणीत. मी फेकायला काढले होते. फेकले नाहीत. कुठे ठेवायचे ते ठरलं नाही म्हणून पिशवीत आहेत, दुसरं काही नाही.

आपण राहायचो ती इमारत पाडायची ठरली आणि आपली पांगापांग झाली. तू तुझ्या मुलाकडे, आम्ही आमच्या. तुझं सामान ट्रकमध्ये चढत होतं तेव्हा मी वर भांडी घासत होते. कुणीतरी घासायलाच हवी होती. तू खालून हाक मारलीस, मी म्हटलं, निघा आता, ट्रकवाला खोळंबलाय. नंतर वर्षभर मी बिनटाचेचे मोजे विणले. सरळ नळी, पुढे तोंड बंद. ह्यांना सांगितलं, हल्ली अशीच पद्धत आहे. ह्यांनी घातले. चालताना ते पायावर फिरायचे, घोट्यापाशी गोळा व्हायचे, बुटात सुरकुती टोचायची. हे वाकून ते सरळ करायचे. एकदा फक्त म्हणाले, धाकटीची तब्येत बरी आहे ना? मी म्हटलं, तिच्या तब्येतीचा इथे काय संबंध. ते म्हणाले, सहज.

ते गेले ती दुपार तुला कुणी नीट सांगितली नसेल. तू तेव्हा दवाखान्यात होतीस, तोंडात नळ्या. सगळे म्हणतात, शांतपणे गेले. सगळे तिथे नव्हते. मी होते. हे समोरच्या खुर्चीत बसले होते, रेडिओ चालू होता, मी मोजा विणत होते, करडा, ह्यांचाच. रेडिओवर हवामान सांगत होते. हे दर वेळी हवामान ऐकून हं म्हणायचे. हं आलं नाही. मी वर बघितलं. मला कळलं. लगेच कळलं. आणि मी ती ओळ पूर्ण केली, धाकटे. अर्ध्यात होती. टोकाला नेली, सुई काढली, लोकर गुंडाळली, मग उठले आणि ह्यांच्या खांद्याला हात लावला. मग शेजारचे, मुलगा, डॉक्टर, सगळी धावपळ. मला कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तुला सांगते आहे कारण तुला ओळ म्हणजे काय ते ठाऊक आहे. तो मोजा टाचेपाशीच आला होता. तिथेच राहिला.

तेव्हापासून सुया हातात घेतल्या नाहीत. एकदा घेतल्या. सूनबाईने तिच्या फोनवर एक मुलगी दाखवली, ती गात गात टाच करते. मी तिचं बघून दुसऱ्या लोकरीवर करून पाहिली. झालं काय, तर घोड्याचा खूर. सूनबाई म्हणाली, छान आहे की. मी म्हटलं, घोडा आण मग. उसवून टाकली. ती मुलगी जिथे परत फिरते तिथे माझा हात फिरत नाही, पुढेच जातो.

आता मुद्द्याचं. परवा तुझ्या मुलाचा फोन आला होता. आवाज उतरलेला. म्हणाला, काकू, आई दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडते. व्यायाम घ्यायला मुलगी येते, तिने उजव्या हातात रबरी चेंडू दिला की डाव्या हाताने उचलून फेकते. डॉक्टर म्हणतात आता हात हलवला नाही तर पुढे हलणार नाही, पण ती मनावरच घेत नाही. चेंडू फेकलास ते बरं केलंस. तू काय अंगणवाडीत आहेस? पण भिंतीकडे तोंड करून पडायचं हे मला पटलेलं नाही. आणि मग तो म्हणाला की तुझा उजवा पाय बर्फासारखा गार पडतो, आणि तुला त्याचं काही कळतच नाही, चिमटा काढला तरी नाही. ते ऐकून मी फोन ठेवला, कपाटातून तो करडा मोजा काढला आणि मांडीवर घेऊन बसले. सूनबाई आली, काय झालं म्हणाली. मी म्हटलं, पुडकं बांधायला दोरी दे.

तर पुडक्यात तो मोजा आहे. टाके सुईवरून काढून जाड दोऱ्यावर घेतलेत, सुटणार नाहीत. शेवटची ओळ घट्ट आली आहे, तुझ्या बोटाला लागेल. लागू दे. बरोबर लोकरीचा गुंडा आहे. हातात काही दाबायचंच तर तो दाब, रबर कसलं दाबतेस. सुया मी माझ्याकडे ठेवल्या आहेत, कारण रविवारी मी येते आहे. हा मोजा तुझ्या उजव्या पायाचा. माप घ्यायची गरज नाही, ह्यांचाच पाय. पण टाच मला येत नाही आणि तुला हात नाही, तेव्हा तू बघायचं आणि मी करायचं. जिथे परत फिरायचं तिथे माझ्या मनगटावर डाव्या हाताने मार. जोरात मार, नाहीतर मी पुढे जाईन. बरोबर चाललं असेल तर गप्प राहा, नाहीतरी तू बोलायचीस कमीच. तुझ्या मुलाला सांगितलंय, काकूला पलंगबिलंग नको, खिडकीशी दोन खुर्च्या टाक. इथे सूनबाईने विचारलं, किती दिवस? मी म्हटलं, टाच येईपर्यंत. आणि मी शिकायला किती मठ्ठ आहे ते तुला चांगलं माहीत आहे.

आता सोड पुडकं. डाव्या हाताने सोड, उजव्याने धर. धरता येणार नाही, तरी धर. मी येईपर्यंत वेळ आहे.

तुझीच,
थोरली