घरवार्ता वेबसाइटवर गेली तेव्हा

अण्णा, तुमची ‘घरवार्ता’ मी बंद पाडली त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हा मी त्याला सुधारणा म्हणत होते.

नाशिक रोडचं आपलं स्वयंपाकघर. तुम्ही जमिनीवर बसून छापून आणलेल्या पानांना घड्या घालताय, आई नातेवाइकांना पोस्टाने पाठवायची पाकिटं चिकटवायला खळ शिजवतेय. कुणाचं बारसं, कुणाची बदली, कुणाच्या द्राक्षबागेत झालेली गारपीट, सगळं त्यात छापलेलं. पण प्रत्येक प्रतीच्या समासात तुम्ही ज्याच्या त्याच्यासाठी एक ओळ हाताने लिहायचात, आणि लोक आधी तीच वाचायचे. वणीकडच्या आत्याच्या, म्हणजे तुमच्या मावसबहिणीच्या प्रतीवर ठरलेलं: ‘मी बरा आहे. गुडघ्याला तेल लावत जा.’

आणि मी काय तोऱ्यात होते त्या दिवशी! ‘अण्णा, कोण वाचतं हो आता कागद? वेबसाइट करून देते. दुबईत दादालाही लगेच दिसेल.’

‘आणि वणीला?’

‘आत्याच्या नातवाकडे मोबाइल आहे की.’

‘तो दाखवेल तिला?’

‘दाखवेल हो! तुम्ही ना, उगाच फाटे फोडता.’

तुम्ही ‘बरं’ म्हणालात आणि उठलात. वेबसाइटसाठी तुम्ही एक ओळही लिहिली नाहीत. मला वाटलं, रुसलात. रुसू देत, म्हटलं.

दोन वर्षांनी तुम्ही गेलात. बातमी मी वेबसाइटवर टाकली, ज्यांचे नंबर होते त्यांना दादाने फोन केले. आत्याचा किंवा तिच्या नातवाचा नंबर कुणाकडेच नव्हता. तिच्याशी संबंध ठेवणारे तुम्हीच, तेही पोस्टाने. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने कळवलं असेल. तेराव्यानंतर आठवड्याभराने ती दारात उभी, पिशवीत भुईमुगाच्या शेंगा. ‘अण्णा कुठंय गं? दोन वर्सं झाली, त्याचा कागद नाय आला. रुसलाय का माझ्यावर?’ मग तिला भिंतीवरचा हार घातलेला फोटो दिसला. ‘मला तोंड तरी बघू द्यायचं व्हतं,’ एवढंच म्हणत राहिली.

मी घाबरले, अण्णा. म्हणून गेले, ‘आत्या, तार केल्यासारखं लगेच पत्र टाकलं होतं गं. घरवार्ताही दर वेळी पाठवत होतो. पोस्टात गहाळ झालं असेल.’ तिने ते खरं मानलं. गावी जाऊन तिने पोस्टमनला चारचौघांत वाट्टेल ते सुनावलं आणि पुन्हा कधी त्याच्याशी बोलली नाही.

गेल्या महिन्यात आत्या गेली. दहाव्याला तो पोस्टमन आला होता. निवृत्त झालाय आता, केस पांढरे. माझ्याजवळ येऊन म्हणाला, ‘ताई, तुमच्या घरचं एकबी पत्र मी हरवलं नाय हो. बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं नाय माझं.’ मी म्हटलं, ‘जाऊ द्या आता.’ जणू माफ मीच करत होते!

त्याचं घर मला ठाऊक आहे, अण्णा. हे पत्र खरं तर त्याला लिहायला बसले होते.