रनाळ्याचे घर नवनीतला

मी अनुसयाबाई शिवदास पाटील, वय चौऱ्याहत्तर, राहणार रनाळे, जिल्हा नंदुरबार. गुडघे साथ देत नाहीत, पण डोके ठिकाणावर आहे. कोणी भरीस घातलेले नसताना माझी इच्छा लिहून ठेवते.

१. माझ्या नावावरचे रनाळ्यातील घर आणि मी स्वतः घेतलेले विहिरीकडचे शेत माझ्यामागे नातू नवनीत याला मिळावे. त्याचे आईवडील, म्हणजे माझा मुलगा भाग्येश आणि सून चेतना, लंडनला असतात. त्यांना हे मान्य आहे.

वकिलांनी ‘भाग्येशचा कायदेशीर मुलगा’ असे लिहिले होते, ते मी खोडायला लावले. नवनीत २०१३ साली गुजरातेत सरोगसीने झाला. इथल्या जन्मदाखल्यावर आईबाप म्हणून भाग्येश-चेतना आहेत. इंग्लंडच्या कायद्याने मात्र जन्म देणारी बाई हीच आई आणि तिचा नवरा बाप. बाळाला तिकडे न्यायची परवानगी मिळेना, रजा संपली, आणि दोघे बाळ माझ्याजवळ ठेवून परतले. आता तर इथलाही कायदा बदलला. मोबदला देऊन असे मूल होऊ देत नाहीत. म्हणून वारस कोणत्याही कायद्याच्या व्याख्येने ठरवू नये. रनाळ्यात माझ्या हाताखाली जो रांगायला लागला, तोच नवनीत.

मी त्याला पायांवर घेऊन न्हाऊ घालायची. चेतना फोनवरून ओरडायची, “आई, डोकं धरा त्याचं!” मी म्हणायची, “तुन्हा नवराबी असाच मोठा व्हयना.” ती हसायची, मग फोन बंद करायची. का, ते मला कळायचे.

२. माझी सोन्याची पोत चेतनाला.

३. नवनीत आल्यानंतरच्या पहिल्या श्रावणात घरी कानबाई, आमची खानदेशची देवी, बसली. तिच्या नैवेद्याच्या रोटासाठी आम्ही प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतो. रोट भाऊबंदांबाहेर देत नाही. नवनीतच्या नावाचे गहू घेताना धाकटे दीर पितांबर यांनी सूप धरले.

“वहिनी, हाऊ पोऱ्या कोना शे, ते दोन सरकारले ठरावता ई नई ऱ्हायनं.”

“मन्हा शे. सूप सोडा, भाऊजी.”

सोडले, पण त्या वर्षी ते जेवायला बसले नाहीत.

पितांबर यांना मी काही ठेवलेले नाही, ते रागाने नव्हे. ज्याला मिळकत मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील म्हणाले, आणि साक्ष मला त्यांचीच हवी होती. उद्या भाऊबंदांत कोणी विचारलेच, तर उत्तर त्यांनी द्यावे.

मसुदा ऐकून भाऊजी म्हणाले, “नुसतं नवनीत काय लिखं? आमना नवनीत लिखा.”

मसुद्यात ‘आमचा’ असे लिहीत नाहीत, असे वकिलांचे म्हणणे पडले. म्हणून मी माझ्या हाताने लिहिले: आमना नवनीत.

सही: अनुसयाबाई शिवदास पाटील

साक्षीदार, आमच्यासमक्ष सही झाली:
१. पितांबर पाटील, रनाळे
२. डॉ. चुनीलाल चौधरी, नंदुरबार

नंदुरबार, १२ जानेवारी २०२५