तुझा हात मी दाबत होते

आये, तुला झालं होतं तेच मलाही झालं. गेल्या वर्षी माझी उजवी छाती काढली, काखेतल्या गाठी काढल्या, मग किरणांचे शेक झाले. डॉक्टर म्हणतात आजार गेला. मी मान डोलावते आणि घरी येऊन शिवणाची टेप काढते, कारण तीन महिन्यांपूर्वी हात सुजायला लागला, अगदी तुझ्यासारखा. आधी बोटात अंगठी जाईना, मग दंडात झंपराची बाही. मनगट, कोपर, दंड अशी रोज सकाळी चहाच्या आधी तीन मापं घेते. अर्धं बोट जास्त भरलं की तो दिवस वाया. नवरा म्हणतो, "टेप लपवून ठिवू काय तुजी?" खुशाल ठेव म्हणावं. स्वेटरच्या फॅक्टरीत बाह्या जोडण्यात माझी नऊ वर्षं गेली, मला नुसत्या नजरेनं कळतं. पण खरी धास्ती मी त्याला सांगितलेली नाही. तुझा हात सुजला आणि वर्षाच्या आत तू गेलीस. या दोन गोष्टी मला वेगळ्या करताच येत नाहीत.

पंच्याहत्तर साल होतं ते. या बेटावरच्या पेती राफ्रे गावातलं आपलं पत्र्याचं स्वयंपाकघर, आणि तू पाटावर बसलेली. ऊसतोडीच्या दिवसांत आपल्या वस्तीत घरोघर हेच चालायचं. आया शेतातून यायच्या आणि लेकी मोहरीच्या तेलात लसूण करपवून त्यांचे हात रगडायच्या. त्यामुळे ऑपरेशननंतर तुझा हात फुगला तेव्हा कुणाला विचारायचं सुचलंच नाही. शेजारची मावशी दारातूनच म्हणाली, "पानी भरलाय गो हातात. त्याल चांगला गरम कर नि दाबून काड." मी सतरा वर्षांची. तेल चटका बसेल इतकं तापवते, दोन्ही अंगठे रोवून मनगटापासून वर रेटत नेते. तू ओठ आवळून छपराकडे बघतेस. एकदा मी थांबते. "दुखता काय गो?" तू माझ्यावरच खेकसतेस, "दाब! जेवली नाय काय तू?" दुसऱ्या दिवशी हात आणखी टम्म झाला, लाल झाला, आणि मला वाटलं आपलाच जोर कमी पडतोय. सहा महिने मी रोज जोर वाढवत राहिले.

गेल्या महिन्यात इस्पितळात एक नवी नर्स भेटली, फ्रान्सला शिकून आलेली. तिला मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की आमच्याकडे यावर घरचा उपाय आहे, आणि डाव्या हातानं दाबूनही दाखवायला लागले. तिनं माझा हातच धरला. "पा पेझे, मादाम! दुसमां, दुसमां." दाबू नका, हळू, अगदी हळू. मग समजावलं की काखेतल्या गाठी गेल्या की पाण्याची वाट अडते. गरम केलं की आणखी पाणी उतरतं, रगडलं की आतून दुखावतं. हात उशीवर उंच ठेवायचा, पट्टी बांधायची, आणि झोपलेल्या बाळाच्या गालावरून फिरवावा इतका हलका हात खांद्याकडे फिरवायचा. सूज आली म्हणजे आजार परत आला असं नाही, हेही तीच म्हणाली. मी विचारलं, असा हात रोज रगडला तर माणूस मरतं का? ती म्हणाली, "नों, मादाम. त्यानं मरत नाही. पण फार दुखतं." घरी येताना बसमध्ये मी पदर तोंडात कोंबून रडले.

तुझा रागही येतो मला. शेतावरच्या सरदाराला, त्या मुकादमाला, गप्प करणारी तुझी जीभ, माझ्यासमोर ती कुठे गेली होती? मी पोर होते, मला काय कळत होतं? एकदा "नको" म्हणाली असतीस तर मी थांबले असते. की मला दुसरं काही करता येत नव्हतं, हे तुला दिसत होतं, म्हणून रोज हात पुढे करत होतीस? ते मला कोण सांगणार आता.

महिनाभर नर्सनं सांगितलं तसंच करत राहिले, आणि आज सकाळी माप घेतलं. कोपर एक बोट कमी, दंड दीड बोट. मनगटाचं हाड कितीतरी दिवसांनी दिसलं. वीस वेळा चाचपून पाहिलं. मग एकटीच हसत सुटले, चहा उतू गेला. लहानपणापासून सगळे म्हणतात, ही आयवर गेलीय, तेच नाक, तीच चाल, तसाच तापट स्वभाव. मला त्याचा अभिमान असायचा. आज मात्र पहिल्यांदा वाटलं, बरं झालं, मी तुझ्यासारखी नाही. तुझं वाईट वाटलं ते नंतर, दुपारी. तुला वाचता येत नव्हतं, बैठकेत, वस्तीतल्या संध्याकाळच्या शाळेत, अक्षरं शिकले ती मी, आणि घरात आलेला प्रत्येक कागद तुला वाचून दाखवायचे. तू आज समोर असतीस तरी हा मी लिहिलेला कागद वाचून दाखवला नसता. काय लिवलंस म्हणून विचारलं असतंस, तर म्हणाले असते, काही नाही गो, वाणसामानाची यादी आहे.