जीपसाठी औदुंबर

३० मार्च, गुढीपाडवा. पहाटे.
संकल्प : अक्षय्यतृतीयेस सौ. रुख्माबाईंना आमच्या जीपमधून रामटेकास नेईन, तेही पेट्रोलचा थेंब न जाळता. जीप वडिलांची. उमरेडहून लुगड्यांचे गठ्ठे तिनेच आणले. आता कित्येक वर्षे हुडकेश्वरच्या आमच्या फाटकाआड ध्यानस्थ आहे. चिरंजीव पंकजने तिच्या पाठीवर लोखंडी भट्टी वेल्डिंग करून बसवली. बंद भट्टीत लाकूड अर्धवट जळते, त्याचा गॅस इंजिनात जातो. थोडक्यात, चालता यज्ञ.
पंकजची अट : "बाबा, लाकूड ठणठणीत कोरडं पाहिजे. तेवढं एक काम तुमचं. अक्षय तृतीयेले जीप हालली नाही, तं दुसऱ्या दिवशी भंगारवाला."
आयुष्यभर संस्कृत शिकवलेल्या माणसास हे एक काम!

२ एप्रिल.
आरागिरणीचा चंद्रभान वर्षभर वाळलेली बाभूळ देत होता. नाकारली. काटेरी, तामस वृक्ष. विजेच्या तारांखाली फांद्या छाटणाऱ्यांकडून ताजा औदुंबर आणला. समिधांत मान्यता पावलेला. पंकजने तुकडे करून दिले. म्हणाला, "बाबा, हे तं ओलं आहे." ओलेपणा ही तात्पुरती उपाधी आहे, असे त्यास समजावले. किडके, भोके पडलेले तुकडे यज्ञास अयोग्य म्हणून गच्चीवर टाकून दिले.

५ एप्रिल. तापमान बेचाळीस.
जो तो सांगतो, गच्चीवर उन्हात घाला. अविचार. वनौषधी सावलीत वाळवतात, कारण उन्हाने सत्त्व उडते. लाकडाचे सत्त्व अग्नी, आणि सूर्य हा अग्नीचा आप्त. उन्हात ठेवल्यास तो आप्ताकडे निघून जाणार. शिवाय अग्नीस वायुसखा म्हटले आहे. तेव्हा वारा हवा, आणि तो अखंड हवा. घरात सर्वांत मोठा वारा कूलरचा. मधल्या खोलीत कूलरसमोर फळ्यांवर तुकडे रचले. वाळ्याचा सुगंध दरवळतो आहे. सौ.चा पलंग सरकवावा लागला.
"माहा कूलर लाकडाइले? अन् मी काय करू?"
यज्ञात यजमानपत्नीस त्याग घडतोच, असे सांगितले. ती गच्चीवर झोपू लागली आहे.

१२ एप्रिल, हनुमान जयंती.
ताणकाट्यावर वजन केले. पंकजच्या मते ते घटत गेले पाहिजे. वाढले आहे. चिंतन केले. अग्नी देवांपासून लपून पाण्यात शिरल्याचे आख्यान प्रसिद्धच आहे. लाकडाला जडत्व आले ते अग्नी आत शिरल्यामुळे. पंकजला काटा दाखवला नाही. तरुणांचा बुद्धिभेद करू नये.
कूलरमधले पाणी संपले होते. ताबडतोब भरले.

१९ एप्रिल. दुपारी.
शुभशकुन! एका जाड तुकड्यास दोन कोवळी हिरवी पाने फुटली. कुंकू लावले. सौ.ला बोलावून दाखवले.
"अवो, तुम्ही लाकूड वाळू घातलं का पेरलं?"
उत्तर दिले नाही. शनिवारी मी मौन पाळतो. आजपासून.

२६ एप्रिल.
पंकज आला. तुकडा हाती घेऊन दाबला. कूलरकडे पाहिले, मग माझ्याकडे. मला वाटले, ओरडेल. हळूच म्हणाला, "बाबा, चार दिवस आहेत अजून. मले हे गच्चीवर नेऊ द्या. पत्र्यावर पसरवतो. थोडं तरी वाळन." गाडी चालवायला तो याच जीपवर शिकला.
सिद्धी समीप आली असता साधना बदलू नये. शनिवारचे मौन असल्याने मानेनेच नकार दिला.

२९ एप्रिल. रात्री.
सौ.ने गच्चीवर रोडगे भाजले. सोबत वांग्याची भाजी. चार रोडगे खाल्ले, वर तूप. विस्तव फार सुंदर, निर्धूम होता. मोकळेपणाने स्तुती केली.

३० एप्रिल, अक्षय्यतृतीया.
सौ. सकाळपासून नवे लुगडे नेसून जीपच्या पुढच्या सीटवर. मांडीवर पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली, नारळ. मी मंत्र म्हटले. पंकजने भट्टी पेटवली. धूर आला. मग वाफ. मग नळीतून काळे पाणी. इंजिन एकदा खोकले, त्यानंतर शेजारी खोकू लागले. त्यांतला प्रेमानंद कुंपणावरून ओरडला, "काका, जीप आहे का भजेवाल्याची गाडी?"
पंकज एकाएकी वळला. "आई, ते गच्चीवरचे किडके तुकडे कुठं आहेत? ते वाळले असन!"
"काल त्याच्यावरच तं रोडगे भाजले गा. काय मस्त पेटले!"
कोणी माझ्याकडे पाहिले नाही. दोन तासांनी सौ.ने विचारले, "उतरू का आता?"

१ मे.
भंगारवाला आला. टोचन लावून जीप ओढणार होता. सौ. आतून तेच लुगडे नेसून आली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. "रामटेक नाही तं चौकापर्यंत तरी. चला, बसा." मी स्टिअरिंग धरले. पंकज मागे बसला, भट्टीला हात टेकवून. जीप फाटकातून बाहेर पडली. वारा लागत होता. सौ.ने पदर सावरला, प्रेमानंदला हात केला.
चौकात उतरलो.
संकल्पातील "पेट्रोलचा थेंब न जाळता" हा भाग पूर्णपणे सिद्धीस गेला. परत पायी आलो.