जावयाचं धोतर

ते धोतर त्याले काहून दिलं माय? तू जाऊन इतके वर्ष झाले, तरी मी तेच विचारून राहिलो. त्यानं ताईचं तोंड सुजवलं म्हणून ती उमरेडच्या बसनं आपल्याकडे पळून आली, अन् तिले परत नेताना त्याच्याच हाती नवं कोरं धोतर.

वस्तीत तेव्हा देवीची साथ होती. तूच दाराले लिंबाचा डहाळा बांधला अन् सगळ्यायले सांगितलं, पोरीले देवी आल्या. जावई घ्यायले आला, डहाळा पाहिला, चप्पल काढून बाहेरूनच पाया पडला अन् गेला. देवीच्या घरात आवाज चढवायची हिंमत त्यालेही नव्हती. देवीच्या घरात फोडणी चालत नाही; शेजारी वास गेला तर कळेल म्हणून तू ती बंद केली होती. ताई बिनफोडणीचं वरण भुरकते अन् म्हणते, "माय, देवीले सांग वं, मुक्काम वाढव म्हणा." तिचं तसं हसणं मी मग पुन्हा पाहिलं नाही.

डहाळ्याची खबर लागली म्हणूनच देवीची लस टोचणारे सरकारी लोक आले, त्यायच्या मागं जावई. साहेबानं ताईचा पदर सारला. "ह्या देवी नाहीत. हा मार आहे."

"दिसला ना तुमाले? मंग लिहा तसं," तू म्हणाली.

"बाई, आम्ही देवीसाठी फिरतो." त्यानं तिच्या दंडाले टोचलं, डहाळा काढायले लावला अन् पुढच्या दारी गेला. नळावरची एक जण म्हणाली, "देवी आता बुक्क्यायनं येते काय वं?" सगळ्या हसल्या. जावई ताईले न्यायले दारातच उभा होता. तू पेटी उघडली, त्याले कुंकू लावलं, धोतर दिलं. मी भांडलो तर म्हणाली, "आजच्या दिवस तरी नाही मारणार, बाबू."

त्याच रागात मी घर सोडलं. सुरतेले हे तिसरं काम, कुठंच मन लागत नाही. ताईले देवी कधी निघाल्या नाहीत, टोचलं होतं ना. मागं तिच्या नावानं मनिऑर्डर केली, तर "भावाजवळ रडतेस काय" म्हणून त्यानं तिचा हात मोडला. तिकडचा एक जण इथं येऊन सांगून गेला.

हे पत्र कुठं टाकू, तुले पत्ता नाही. पण मनिऑर्डर आज केली. नाव त्याचंच लिहिलं, जावईबापू म्हणून. चाळीस रुपये.