वाळूच्या जागी गवत

प्रिय इंगुना,

गेल्या महिन्यात फोनवर तू रडलीस आणि मी नेहमीसारखं "इकडे सगळं छान आहे, बटाटे उगवलेत" म्हणून फोन ठेवून दिला. मला फोनवर बोलता येत नाही, तुला माहीतच आहे. तुझ्यामागे आयर्लंडातल्या त्या गोदामाची खडखड ऐकू येते आणि वाटतं, पोरगी जेवणाच्या सुट्टीत बोलते आहे, तिचा घास कशाला अडवायचा. म्हणून आज भांडी तशीच टाकून लिहायला बसले.

इकडे फिरतं दुकान आता आठवड्यातून एकदाच येतं. ड्रायव्हर म्हणतो, "काकू, दोन पाव विकायला मी एवढं डिझेल जाळू का?" त्याचंही खरंच आहे. तुझी शाळा शेवटी विकली गेली. राजधानीतल्या कुणा रीगाकराने घेतली आणि तुमच्या वर्गात सरपण रचलं. वसंतात तिकडूनच एक बाई आली होती, लाटवियातली खेडी का ओस पडतात त्याचा अभ्यास करायला. शेजारच्या गेनोवेफाने तिला विचारलं, "आम्हाला मोजायचा पगार मिळतो का ग तुला? मग सावकाश मोज, नाहीतर लगेच संपू आम्ही." बाई हसली, आम्हीही हसलो. आपले फादर आता पाच गावं सांभाळतात. परवा म्हणाले, "बाप्तिस्म्याची प्रार्थना विसरत चाललोय मी. तुमच्या ओवेननंतर इथे कुणी मूल आणलंच नाही." तुझा ओवेन आता भुवईपर्यंत केस वाढवून फिरतो, म्हणजे बघ किती वर्षं झाली.

गाव भरतं ते फक्त जुलैतल्या कबरींच्या रविवारी. आयर्लंड, नॉर्वे, जर्मनी, कुठून कुठून गाड्या येतात, आणि मला दरवर्षी वाटतं की गेलेले सगळे परतले. शनिवारी जो तो आपापल्या कबरीवर नदीची पांढरी वाळू घालतो आणि दाताळ्याने तिच्यात आपल्या घराची नक्षी ओढतो. आपल्या घराची नक्षी माशाच्या काट्याची. तुझे पप्पा किती वैताग द्यायचे आठवतं? "ही नक्षी आहे की कोंबडी उकरून गेली?" आता त्यांच्याच कबरीवर तू ती काढतेस, मागे मागे सरत, स्वतःची पावलं पुसत. छान काढतेस. त्यांनी खोड काढली असती, पण मनात खूश झाले असते. वाळूत गवताची काडी दिसली की लोक म्हणतात, या घराचं आता कुणी उरलं नाही. त्या एका वाक्याला सगळं गाव भितं.

गेल्या वर्षी तू शनिवारी दुपारी उतरलीस आणि तशीच कबरस्तानात गेलीस. मी शहाजिऱ्याचं चीज करून ठेवलं होतं, ते तू तिथेच उभ्याने खाल्लंस. रविवारी फादर आले, पाणी शिंपडून गेले, आणि सोमवारी तुझं विमान. जेवढं बोललीस तेवढं वाळूबद्दल बोललीस. तुझ्या केसांत पांढरं दिसलं, ते विचारायचं राहिलं. ओवेनचे वडील का आले नाहीत, तेही राहिलं. ओवेनच्या हातात मी दाताळं दिलं तर तो तुझ्याकडे बघून इंग्रजीत काहीतरी म्हणाला, आणि तू मला त्याचा अर्थ सांगितला नाहीस.

आता यंदा जुलैत सुट्टी नाही म्हणून तू रडलीस. "पप्पांची कबर तशीच राहील, लोक काय म्हणतील," म्हणालीस. इंगुना, मला राग आला. खोटं कशाला बोलू, मेलेल्या नवऱ्याचा हेवा वाटला. त्यांना निदान वर्षातून एक दुपार तू मिळतेस. गुडघे दुखत असले तरी यंदा मीच वाळू नीट केली असती, ते मला जड नव्हतं. पण मग पुढच्या जुलैत तू पुन्हा त्यांच्याकडेच आली असतीस.

म्हणून त्या फोननंतरच्या सोमवारीच मी पप्पांच्या कबरीवरची सगळी वाळू काढली, काळी माती घातली आणि गवताचं बी पेरलं. गेनोवेफा कुंपणाशी उभी राहून ओरडली, "वेड लागलंय का तुला? पोरं आपल्यासाठी येत नाहीत ग, वाळूसाठी येतात. माझा वितोल्ड तरी दुसऱ्या कशासाठी येतो?" मी पाणी घातलं आणि घरी आले. गवत आता बोटभर झालंय. लोक म्हणतात की या घराचं कुणी उरलं नाही, म्हणू देत. पप्पांकडे तुझं काही काम उरलेलं नाही, आता तू मोकळी आहेस. जुलैत जमत नसेल तर ऑक्टोबरात ये, भर हिवाळ्यात ये, कबरस्तान टाळून सरळ घरी ये आणि आठवडाभर नुसती झोप. पण वाळू नसताना तू येशील का, हे मला खरोखर माहीत नाही. तेवढंच विचारायला लिहिते आहे.

तुझीच, अजून इथेच असलेली,
मम्मा